आजारांची नवी बाराखडी गिरवायला वेळ द्या

कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपट्ट्यात कुणाला साप चावला, तर घरची माणसे सहसा सापाचे नाव घेत नाहीत. 'पान लागलं' असे म्हणतात. उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा वाडीवरच्या आशाताईला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. गाडी कुठून मिळेल, सापाच्या विषावरचे औषध जवळ कुठे आहे, ही धावपळ लगेच सुरू होते. रुग्ण वाचला तर गोष्ट केस पेपरवर थांबते. दगावला तर हेच दोन शब्द मोठ्या प्रवासाला निघतात. डॉक्टर त्यांचे 'सर्पदंश' करतात. मृत्यूच्या दाखल्यावरून त्याचा कोड होतो. सापाच्या विषाला 'टी ६३.०' आणि विषारी सापाशी आलेल्या संपर्काला 'एक्स २०'. हे कोड पुण्यातल्या राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या मुख्य कार्यालयातून दिल्लीला भारताच्या महानिबंधकांकडे जातात आणि शेवटी जागतिक आकडेवारीत मिळतात. कोणत्या तालुक्यात कशाने माणसे मरतात, कुठे औषध जास्त लागेल, कुठे डॉक्टर हवेत, हे ठरवताना याच आकड्यांचा आधार घ्यावा लागतो.

आता कोडांची ही यादीच बदलते आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, अकरावी आवृत्ती आली आहे आणि दहावी हळूहळू बाजूला होणार आहे. हा बदल हवाच, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की तो करायला किती वेळ द्यायचा, आणि तो वेळ नेमका कुणाला द्यायचा?

सव्वाशे वर्षांची यादी

मरणाची कारणे सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने मोजावीत, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या बैठकीत मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. पुढे दर काही वर्षांनी ती सुधारली गेली. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंच्या कारणांसोबत आजारही तीत घेतले गेले. सध्या वापरात असलेली दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. म्हणजे आज नोकरीत असलेल्या बहुतेक सरकारी डॉक्टरांनी आणि नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांनी दुसरी कोणतीही यादी हाताळलेली नाही.

अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. मात्र त्याच वेळी सदस्य देशांना सवलत दिली गेली. किमान पाच वर्षे, आणि गरज भासल्यास त्याहून अधिक काळ, जुन्या आवृत्तीत आकडेवारी पाठवता येईल. ही पाच वर्षे २०२६ अखेर पूर्ण होतात.

नवी यादी संगणकासाठीच बनवलेली आहे. तीत सुमारे १७ हजार कोड आणि १ लाख २० हजारांच्या आसपास वैद्यकीय संज्ञा आहेत. कोडमध्ये इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरे वापरलेली नाहीत, कारण ती शून्य आणि एक यांच्यासारखी दिसतात आणि घोटाळा होतो. एकाच कोडला दुसरा जोडून आजाराचे अधिक नेमके वर्णन करता येते. क्षयरोगाचा 'ए १५' आता '१ बी १०' होतो, उच्च रक्तदाबाचा 'आय १०' होतो 'बीए ००', दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा 'ई ११' होतो '५ ए ११'. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींतल्या निदानांसाठीही १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत वेगळा विभाग जाहीर झाला. महाराष्ट्रातल्या अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत आयुर्वेदाचे पदवीधर काम करतात, त्यामुळे ही सोय इथे कागदावरची राहणार नाही.

नवी आवृत्ती जुनीपेक्षा चांगली आहे, यात शंका नाही. पण चांगली यादी आपोआप चांगली नोंद करत नाही.

दाखल्यावरच्या तीन ओळी

मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला रुग्णालयात 'नमुना ४' वर आणि रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी 'नमुना ४ अ' वर दिला जातो. त्यात कारणांची साखळी लिहायची असते. पहिल्या ओळीत मृत्यूचे तात्काळ कारण, दुसरीत ते कशामुळे झाले, तिसरीत या सगळ्याच्या मुळाशी काय होते. आकडेवारीत मोजले जाते ते हे मूळ कारण. पहिल्या ओळीत 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे' असे लिहून पुढच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या, तर त्या दाखल्यातून काहीच कळत नाही. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो.

मूळ कारण शोधून लिहिण्याने काय घडू शकते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. १९७० च्या दशकात, जिल्ह्याचे नाव कुलाबा असताना, महाड तालुक्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, तिथे दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्यातून दिसले, की विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस जातो. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध या रुग्णांना देण्याची पद्धत रुजली आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. त्या नोंदींत नुसते 'फुप्फुसात पाणी झाले' किंवा 'हृदय बंद पडले' एवढेच लिहिले गेले असते, तर विंचू तिथे दिसलाच नसता.

कोड ही या साखळीची शेवटची कडी आहे. डॉक्टरांनी लिहिलेले वाक्य पोकळ असेल, तर त्यावर दहाव्या आवृत्तीचा कोड लावला काय किंवा अकराव्या आवृत्तीचा लावला काय, हाती काही लागत नाही. भारतात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या सुमारे ८१ लाख मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेल्यांच्या कारणाबाबत सरकारी नोंद जवळजवळ मुकी आहे.

सर्पदंशाचा खरा आकडाही म्हणूनच दाखल्यांतून कळला नाही. तो घरोघर जाऊन विचारल्यावर कळला. दशलक्ष मृत्यू अभ्यासात सर्वेक्षकांनी कुटुंबांकडून मृत्यूपूर्वीची हकिकत लिहून घेतली आणि दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तिला आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीतले कोड दिले. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली असावीत, असा अंदाज त्यातून निघाला. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले होते आणि चारांपैकी तीनांहून अधिक रुग्णालयाबाहेरचे. 'पान लागलं' हे शब्द कुणीतरी ऐकून नीट लिहून घेतले, म्हणून हा आकडा उभा राहिला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. ते निम्मे झाले की नाही, हे आता नोंदींवरूनच ठरणार आहे.

एका अंकाची किंमत

कोड बदलताना घाई झाली तर नुकसान कसे होते, हे सिकलसेलच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजांत अधिक आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या तपासणीत वाहक आणि रुग्ण यांच्यात फरक करणे सर्वांत महत्त्वाचे असते. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. तिला फक्त लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यावी लागते. रुग्णाला मात्र आयुष्यभर उपचार लागतात आणि अचानक तीव्र वेदनांचे झटके येऊ शकतात.

दहाव्या आवृत्तीत सिकलसेलच्या कोडमध्ये टिंबानंतर शून्य आले, म्हणजे 'डी ५७.०', तर त्याचा अर्थ झटका आलेला रुग्ण. वाहकासाठी 'डी ५७.३'. अकराव्या आवृत्तीत टिंबानंतरच्या शून्याचा, म्हणजे '३ ए ५१.०' चा, अर्थ वाहक असा होतो आणि झटका आलेल्या रुग्णासाठी '३ ए ५१.२' वापरायचा. कित्येक वर्षे हाताला आणि डोळ्यांना 'शून्य म्हणजे झटका' ही सवय लागलेली असेल, तर दमलेल्या दुपारी चूक व्हायला क्षणही पुरतो. ठाकूर किंवा कातकरी कुटुंबातल्या एखाद्या मुलीवर 'सिकलसेलची पेशंट' असा शिक्का बसला, तर तो पुसायला किती खटपट करावी लागते, हे वाड्यांवर काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. उलट चुकीने खऱ्या रुग्णाचे नाव उपचारांच्या यादीतून गळू शकते.

दुसरा धोका आकड्यांचा. पक्षाघात, ज्याला गावाकडे 'वारं गेलं' म्हणतात, दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या आजारांत मोडतो. अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या आजारांत गेला. म्हणजे एका वर्षी जिल्ह्यातले रक्ताभिसरणाच्या आजारांचे मृत्यू एकदम घटलेले दिसतील आणि मेंदूच्या आजारांचे वाढलेले. प्रत्यक्षात कुणाच्याही आरोग्यात फरक पडलेला नसेल.

असे पूर्वी घडलेले आहे. अमेरिकेने १९९९ मध्ये मृत्यूंच्या नोंदीसाठी नवव्या आवृत्तीवरून दहावी स्वीकारली. त्याआधी तिथल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ च्या मृत्यूंना दोन्ही आवृत्त्यांचे कोड देऊन पाहिले. तेव्हा दिसले, की केवळ मूळ कारण निवडण्याचे नियम बदलल्यामुळे फ्लू आणि न्यूमोनियाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरतात. ही दुहेरी नोंद केली नसती, तर न्यूमोनियावर मोठा विजय मिळाला, असा समज झाला असता.

घाईची आठवण ताजी आहे

नवा कोड तयारीविना वापरावा लागला तर काय होते, हे महाराष्ट्राने २०२० मध्ये अनुभवले. कोविड आला तेव्हा त्यासाठी यादीत जागाच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने तातडीने दोन कोड दिले. चाचणीत विषाणू सापडला असेल तर 'यू ०७.१', लक्षणांवरून कोविड वाटतो पण चाचणीचा दुजोरा नाही तर 'यू ०७.२'. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दाखले कसे लिहायचे याच्या सूचना काढल्या. पण वॉर्डात उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला तो कागद शांतपणे वाचायलाही उसंत नव्हती. मधुमेह असलेला रुग्ण कोविडच्या न्यूमोनियाने गेला, तर मूळ कारण कोणते लिहायचे, यावरून गोंधळ होत राहिला. १६ जून २०२० रोजी राज्याला आकड्यांचा मेळ घालताना आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात जोडावे लागले. त्यांत ८६२ मुंबईतले आणि ४६६ उर्वरित राज्यातले होते.

त्या वेळी साथ होती, घाईला पर्याय नव्हता. आता तशी आणीबाणी नाही.

तारीख पुढे ढकलणे म्हणजे वेळ देणे नव्हे

वेळ हवा असे म्हटले, की दुसरी बाजूही बघायला हवी. अमेरिकेत रुग्णालयांच्या बिलांसाठी दहावी आवृत्ती आणताना आधी २०११ ही तारीख सुचवली गेली. ती २०१३ झाली, मग २०१४, आणि अखेर १ ऑक्टोबर २०१५. तिथे निदानाच्या कोडांची संख्या सुमारे १४ हजारांवरून ६८ हजारांच्या पुढे जाणार होती, त्यामुळे डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध होता. पण दर वेळी तारीख पुढे गेली, की ज्यांनी आधीच माणसे शिकवून तयार ठेवली होती आणि यंत्रणा विकत घेतली होती त्यांचा खर्च वाढला, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते ते पुन्हा निवांत झाले.

शेवटी तो बदल सुरळीत पार पडला तो दोन गोष्टींमुळे. २०१५ च्या पहिल्या सहा-सात महिन्यांत खरोखरची बिले नव्या कोडसह पाठवून ती शेवटपर्यंत जातात का, याच्या चाचण्या झाल्या. शिवाय जुलै २०१५ मध्ये असे जाहीर झाले, की बदलानंतरचे पहिले वर्षभर कोड योग्य गटातला असेल, तर केवळ तो पुरेसा नेमका नाही म्हणून मेडिकेअर डॉक्टरांचे बिल नाकारणार नाही. तारीख पक्की ठेवली आणि शिकण्याच्या काळातल्या चुकांना शिक्षा केली नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच दिलेला वेळ कारणी लागला.

महाराष्ट्रात हा मुद्दा विमा योजनांपाशी येतो. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या उपचार-पॅकेजांची नवी यादी आणली, तेव्हा तीत आयसीडीची अकरावी आवृत्ती वापरण्याचेही जाहीर केले. म्हणजे एकाच रुग्णालयात विम्याच्या कागदावर नवा कोड आणि मृत्यूच्या नोंदीत जुना, अशी स्थिती येऊ शकते. कागदांवरचे कोड जुळले नाहीत की शंका निघते, शंका निघाली की मंजुरी लांबते. तेवढे दिवस वाडीवरून आलेला नातेवाईक रोजंदारी बुडवून रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून राहतो.

ठाकुरवाडी नावाच्या अनेक वाड्या

कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी ही एकच वाडी नाही. ठाकूर समाजाच्या अनेक वस्त्या त्याच नावाने ओळखल्या जातात. काही माथेरानच्या उतारावर, काही बोरघाटाच्या अंगाला, काही किल्ल्यांच्या पायथ्याशी. जनगणना आणि महसुली नोंदी गावाच्या नावाने चालतात. वाडी त्या गावाच्या पोटात जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ती ठाकूर समाजाची वाडी होती. दहाव्या आवृत्तीत अशा मृत्यूंचा कोड 'एक्स ३६' आहे आणि त्यात हिमकडा कोसळून झालेला मृत्यूही त्याच खान्यात बसतो. सह्याद्रीतल्या दरडीला वेगळे नाव नाही आणि वाडीला वेगळा क्रमांक नाही. अशी नोंद वाचून पुढची दरड कुठे पडेल, याचा विचार करणाऱ्याला फारसे काही मिळत नाही.

म्हणून नव्या पद्धतीची तयारी फक्त मोठ्या रुग्णालयांतल्या संगणक कक्षात करून भागणार नाही. वाडीवरच्या माणसाचा आजार आधी आशाताई ऐकते, मग उपकेंद्रातली आरोग्य सेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी. तिथून रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग कशेळे किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो. मृत्यू घरी झाला, तर नोंद ग्रामसेवकाकडे होते. डॉक्टरांनी शेवटच्या आजारात पाहिलेलेच नसेल, तर कारण घरच्यांच्या तोंडून जेवढे येईल तेवढेच. 'म्हातारपणाने गेला', 'कावीळ झाली', 'आकडी आली'. कावीळ आणि आकडी ही लक्षणे आहेत, त्यांच्यामागचा आजार वेगळा असू शकतो. म्हातारपणासाठी दहाव्या आवृत्तीत 'आर ५४' हा कोड आहे आणि तो लावणे सोपे आहे. सोपा असल्यामुळेच तो विनाकारणही लागतो.

या साखळीतल्या प्रत्येकाच्या हातात आधीच पुष्कळ रजिस्टरे आणि पोर्टले आहेत. लसीकरण, माता-बाल आरोग्य, क्षयरोग, असंसर्गजन्य आजार, साथरोग, प्रत्येकाची नोंद वेगळी. पावसाळ्यात ताप, हिवताप, डेंग्यू, लेप्टो आणि सर्पदंश एकदमच वाढतात आणि त्याच दिवसांत डोंगराकडच्या वाड्यांवर मोबाइलची रेंज जाते. अशा यंत्रणेवर एक दिवस परिपत्रक काढून नवी यादी टाकली, तर कर्मचारी ती वापरतील. पण कसे? यादीत सगळ्यात वर दिसणारा किंवा 'इतर, अनिर्दिष्ट' असा कोड निवडून काम संपवतील. तक्ता पूर्ण भरलेला दिसेल आणि माहिती शून्य असेल.

वेळ मिळाला तर काय करायचे

वेळ द्यायचा तो कामाच्या यादीसकट द्यायला हवा. सर्वांत आधी एकच तारीख ठरवून ती दोन वर्षे आधी सांगावी. मृत्यूंची आकडेवारी कॅलेंडर वर्षाने मोजली जाते, त्यामुळे ती १ जानेवारी असावी. तेव्हा पावसाळ्याचा ताणही ओसरलेला असतो.

तारखेआधी किमान वर्षभर निवडक रुग्णालयांत एकाच मृत्यूला दोन्ही आवृत्त्यांचे कोड द्यावेत. त्यांत कर्जतसारखे आदिवासी वस्तीचे तालुके असले पाहिजेत, नाहीतर सगळी तुलना शहरी रुग्णांवर आधारलेली राहील. बदलाच्या वर्षी पक्षाघात किंवा न्यूमोनियाचा आलेख का हलला, हे त्यातून सांगता येईल.

प्रशिक्षणाचा रोख आधी दाखला लिहिण्यावर हवा, कोडवर नंतर. तिन्ही ओळी नीट भरणारा डॉक्टर कोणत्याही आवृत्तीत उपयोगी पडतो. कोड शोधणे संगणक बऱ्याच अंशी करू शकतो, पण 'फुप्फुसात पाणी' या शब्दांमागचा विंचू त्याला दिसत नाही. दोन तासांच्या ऑनलाइन व्याख्यानाने हे साधत नाही. महिन्याला दहा दाखले घेऊन ते तपासून परत पाठवणे, चूक कुठे झाली ते सांगणे, याचा अधिक उपयोग होतो.

प्रत्येक तालुक्यातल्या बोलीचा एक छोटा शब्दकोश बनवावा. 'पान लागलं', 'वारं गेलं', 'आकडी', 'हागवण', 'दम' यांच्यासमोर विचारायचे दोन-तीन प्रश्न आणि संभाव्य निदान. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या डॉक्टरला आणि डाटा एंट्री ऑपरेटरला त्याची खरी गरज आहे. हे काम आशाताई आणि आरोग्य सेविकाच उत्तम करू शकतात.

कोडसोबत निदान शब्दांतही लिहिणे सक्तीचे ठेवावे. '३ ए ५१.०' च्या शेजारी 'सिकलसेल वाहक' असे शब्द असतील, तर पुढचा माणूस चूक पकडू शकतो. गावाच्या नावाबरोबर वाडीचे नावही लिहिण्याची जागा हवी. आणि बदलानंतरच्या पहिल्या वर्षी, गट बरोबर असेल तर केवळ कोडच्या बारीक तपशिलावरून कोणत्याही गरीब रुग्णाचा विमा-दावा अडवू नये.

यातले काहीही खर्चिक नाही. लागतो तो कामाच्या तासांतून काढून दिलेला वेळ. प्रशिक्षण रविवारी आणि नोंद रात्री घरी, ही पद्धत चालू राहिली, तर मुदत पाच वर्षांची असो की दहा, तयारी शेवटच्या आठवड्यातच होईल.

नातेवाइकांच्या हातात काय आहे

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये सुधारणा झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार सरकारी असो वा खासगी, ज्या रुग्णालयात मृत्यू झाला त्याने कारणाचा दाखला विनामूल्य निबंधकांना द्यायचा आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला. दुःखाच्या त्या वेळी कागद वाचण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसते. तरी घरातल्या एखाद्याने ती प्रत मागून घ्यावी आणि पाहावी. साप किंवा विंचू चावला होता, अपघात झाला होता, बाळंतपण नुकतेच झाले होते, जुना क्षयरोग किंवा सिकलसेल होता, तर ते कागदावर आले आहे का? आले नसेल तर डॉक्टरांना तिथेच सांगावे. मृत्यू घरी झाला असेल, तर ग्रामसेवकाकडे जाताना जुने केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे. ज्या डॉक्टरांनी शेवटच्या आजारात तपासले होते, त्यांच्याकडून 'नमुना ४ अ' मागावा. नवी यादी लागू होईपर्यंत आणि त्यानंतरही, एवढे केले तर त्या माणसाच्या मृत्यूचे खरे कारण नोंदीत राहील.